कोणत्या प्रकाशात पाहायचं?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला. ८०हून अधिक माणसं गेली. काहींचे मृतदेह मिळालेच नाहीत. शोध थांबवून त्यांना मृत मानावं लागलं. पुढे एका पावसाळ्यानंतर मी तिथे गेलो, तेव्हा उतारावर गवत माजलं होतं. सोबतच्या आजी हात करून सांगत होत्या, "हितं पडवी हुती. त्याच्या पल्याड गोठा." मला फक्त गवत दिसत होतं.

मला आकाशनिरीक्षणाचा छंद आहे. त्या दिवसापासून एक जुना प्रश्न मला वेगळाच छळू लागला : खरं चित्र कोणतं?

सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर एम ८१ ही दीर्घिका आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ती सुरेख सर्पिल दिसते. अतिनील प्रकाशात तिच्या भुजा उजळतात, कारण तिथे तरुण, तप्त तारे जन्मलेले असतात. अवरक्तात जवळच्या तरंगलांबीला म्हाताऱ्या ताऱ्यांचा शांत, सलग गाभा पुढे येतो. आणखी लांब तरंगलांबीला तापलेली धूळ चमकते. एम ८२ आणि एनजीसी ३०७७ या तिच्या शेजारणी. दृश्य प्रकाशात तिघी सुट्या, मधे निव्वळ काळोख. पण हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटरच्या, म्हणजे जेमतेम वीतभर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. त्या लहरींत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात तिघींना जोडणारे वायूचे लांब पट्टे दिसले. कधीकाळी त्या एकमेकींच्या जवळून गेल्या होत्या. ओढाताणीत वायू उपसला गेला. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच लहरी टिपू शकतात.

मग "ज्याचं त्याचं सत्य" म्हणून मोकळं व्हायचं का? मला ते पटत नाही. रेडिओनकाशातला निळा किंवा लाल रंग माणसाने भरलेला असतो, पण वायू कुणी भरलेला नसतो. रंग ही सोय आहे, वायू ही वस्तुस्थिती. आणि सगळी चित्रं सगळ्या प्रश्नांना सारखी उपयोगी नसतात. तारे कुठे जन्मतात हे अतिनील सांगेल. या तिघींचं एकमेकींशी काय घडलं, हे कळायला हायड्रोजनच लागतो.

चूक एका प्रकाशात पाहण्यात नाही. डोळे आपल्याला तेवढेच मिळालेत. चूक होते ती त्या प्रकाशात जे काळं दिसतं त्याला "रिकामं" म्हणण्यात.

तळीयेला भूवैज्ञानिकाने उताराचा कोन, मातीची जाडी आणि पाऊस पाहावा. पुढची दरड टाळायची तर तेच चित्र हवं. पंचनाम्याने घरं आणि माणसं मोजावीत. त्याशिवाय मदत मिळत नाही. पण पडवी यांतल्या कुठल्याच चित्रात येत नाही. कुठल्या प्रकाशात पाहायचं हे बहुतेक वेळा पाहणारा ठरवतो, ज्याच्याकडे पाहिलं जातं तो नाही. म्हणून निदान पाहणाऱ्याने आपली तरंगलांबी सांगावी, आणि दुसऱ्याला काय दिसतं ते विचारावं.

मी मात्र तिथे दुर्बिणीबद्दल काहीच बोललो नाही. एवढंच विचारलं, "आजी, पडवीचं तोंड कुणीकडे होतं?"

त्या सांगत राहिल्या.