ध्वजाचा मान आणि सामाईक गच्ची
आदर आणि उपासना या वृत्ती बाहेरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांत मूलभूत भेद आहे. उपासना, म्हणजे आराध्यापुढे केलेले आत्मसमर्पण, श्रद्धेशिवाय संभवत नाही, तर आदरासाठी इतरांच्या निष्ठेचा उपमर्द न करण्याचा संयमही पुरेसा असतो. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये जो निर्णय दिला, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे: धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाता केवळ शांत उभी राहणारी, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातील केरळची मुले राष्ट्रगीताचा अपमान करीत नाहीत, असे त्याने ठरविले. पुढे 2004 मध्ये नवीन जिंदाल खटल्यात सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला गेला, मात्र हा हक्क निरंकुश नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर ध्वज फडकविण्याच्या या हक्काचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण गच्ची ही सामाईक, म्हणजे सर्वांच्या वापराची आणि कोणाही एकाच्या मालकीची नसलेली, जागा असते. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यानुसार सदनिका लहान असो वा मोठी, सभासदाला मत एकच; या समतेला बगल देऊन एखाद्याने ध्वजाच्या निमित्ताने गच्चीचा कोपरा बळकावला (आणि असा मोह राष्ट्रप्रेमाच्या वेषात सहज खपून जातो), तर त्याला हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याला देशद्रोही ठरविणे हा ध्वजाचाच दुरुपयोग होय. ध्वजस्तंभ कोठे उभारावा, हे सर्वसाधारण सभेने ठरवावे. त्यापुढे उभ्या राहणाऱ्याच्या मनात भक्ती असावी की केवळ आदर, हे ठरविण्याचा अधिकार सभेला नाही.