परतीची गाडी कोण ठरवतं?

बीडच्या स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीत शेजारी बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत दोन प्रश्न विचारतो. "कुणीकडं?" आणि "काय काम काढलं?" पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्याला "काही नाही, असंच" म्हटलं की समोरचा जरा थबकतो. दवाखाना, कोर्ट, तहसील, लग्न, दहावा, देवदर्शन ही कामं त्याला माहीत असतात. 'असंच' हे कामांच्या यादीत बसत नाही. तेही नोकरीवाल्या पोराने स्वतःची गाडी न काढता जायचं म्हणजे फारच झालं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर बीडला. सुट्टीत घरी आलो की एक दिवस आसपास कुठेतरी जायचं, सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आणि एसटीनेच जायचं, असा माझा काही वर्षांचा शिरस्ता आहे. सुरुवातीला कारण साधं होतं: गाडी नव्हती. आता कर्ज काढून घेता येईल इतका पगार आहे. त्यामुळे प्रश्न बदललाय. गाडीशिवाय निवांत फिरता येतं का, हा झाला सोयीचा प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा आहे: आपण ज्याला मोकळीक म्हणतो, ती नेमकी कशात असते? किल्ली खिशात असण्यात, की अजून कशात?

आधी सोयीचं बोलू. बीड जुनं शहर आहे. पाण्याच्या कुंडात मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आणि खंडोबाच्या देवळासमोरच्या उंच दीपमाळा पाहायला वाहन लागतच नाही, पाय पुरतात. शहराबाहेर काही किलोमीटरवर खजिना विहीर आहे, सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी उताराने आपलं आपण वाहत शेतांपर्यंत जातं. अर्धा दिवस तिथेच जातो. पूर्ण दिवस असेल तर अंबाजोगाई. एसटीने दोन-अडीच तास. योगेश्वरीचं मंदिर, हत्तीखान्याच्या लेण्यांमधले दगडी हत्ती, मराठीतला आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'विवेकसिंधु'च्या कर्त्याची, मुकुंदराजांची समाधी. पावसाळ्यात मांजरसुंब्याजवळचं कपिलधार किंवा पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा.

एसटीने असं फिरायचं तर प्लॅन उलटा करावा लागतो. आधी परतीची गाडी शोधायची, मग जायची. कारण खेड्यांच्या फेऱ्या खेड्यातल्या माणसांच्या हिशोबाने आखलेल्या असतात. मुक्कामी गाडी रात्री गावात जाते, तिथेच थांबते आणि पहाटे माणसं, दूध, कॉलेजची पोरं घेऊन शहराकडे निघते. आपण शहरातून गावाकडे जाणारे, म्हणजे उलट्या दिशेचे. संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाईल, पण आपल्याला परत आणणार नाही. म्हणून दुपारच्या गाडीने परतायचं, नाहीतर मोठ्या रस्त्यावरचं ठिकाण निवडायचं, जिथून उशिरापर्यंत गाड्या मिळतात. कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवायचं. काळीपिवळीसाठी सुटे पैसे ठेवायचे. यात्रेचा दिवस टाळायचा. आणि एका दिवशी एकच ठिकाण. हा शेवटचा नियम बसच्या मर्यादेतून येतो, पण निवांतपणा त्यातूनच मिळतो. कार असती तर मीही एका दिवसात परळी, अंबाजोगाई आणि धारूरचा किल्ला 'करून' आलो असतो.

इथपर्यंत हे सगळं बसची गोडी गाणाऱ्या लेखांसारखंच झालं. 'हळू जगा, वाट बघायला शिका' वगैरे. मला ते पुरेसं पटत नाही. ज्याला पर्याय आहे त्याने वाट बघण्याचं कौतुक करणं सोपं असतं. लेकरू कडेवर घेऊन उन्हात फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला त्यात काही गोड दिसत नाही.

माझा विचार आईच्या एका वाक्याने पक्का झाला. दारात गाडी उभी असावी अशी वडिलांची इच्छा आहे. ते स्वतः चालवतात, आईला येत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आई एकटी फिरायला लागली. अंबाजोगाईला मावशीकडे, कधी शेजारच्या काकूंबरोबर परळीला वैजनाथाला. मी तिला म्हणालो, "गाडी घेतली की तुला स्टँडवर ताटकळावं लागणार नाही." ती म्हणाली, "गाडी आली की तुझ्या पप्पांला विचारावं लागंल. त्यांना वेळ आहे का, त्यांचा मूड आहे का. एसटीला कुठं विचारावं लागतं?"

मला यात तक्रार ऐकू आली नाही. वडील नाही म्हणणारे नाहीत. दहापैकी नऊ वेळा ते आनंदाने नेतील. पण आईचा मुद्दा त्या दहाव्या वेळेचाही नव्हता. मुद्दा विचारावं लागण्याचा होता. फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाने १९९७ साली 'रिपब्लिकनिझम' या पुस्तकात मांडलेला विचार साधारण हाच आहे. मालक कितीही प्रेमळ असला, कधीच आडवा आला नाही, तरी तो मनात येईल तेव्हा आडवा येऊ शकतो. तेवढ्यानेच त्याच्या हाताखालचा माणूस स्वतंत्र राहत नाही. घरातलं नातं म्हणजे गुलामी नव्हे. तरीही कुणाच्या मर्जीवर अवलंबून असण्याचा एक बारीक भार असतो आणि तो उचलणाऱ्यालाच कळतो.

वेळापत्रकावरही आपण अवलंबूनच असतो. पण वेळापत्रकाला मर्जी नसते. साडेनऊची गाडी कलेक्टरसाठी आणि माझ्या आईसाठी साडेनऊलाच असते. "परवा तर गेली होतीस" असं ती म्हणत नाही. मला गाडी म्हणजे मोकळीक वाटत होती, कारण कल्पनेत स्टिअरिंगवर मी होतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं की तीच गाडी वेगळी दिसते.

बीडमध्ये राहून प्रवासाबद्दल लिहायचं आणि ऊसतोडीबद्दल गप्प बसायचं, हे बरोबर होणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदादच हत्याराच्या नावाने. ही माणसं माझ्या कुठल्याही सहलीपेक्षा कितीतरी लांबचा प्रवास करतात, दरवर्षी करतात. पण त्यांनी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत मनात आलं म्हणून गावाकडे परतता येत नाही. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे किती लांब जाता आलं यावरून कोण किती मोकळं आहे हे कळत नाही. परत कधी यायचं हे कोण ठरवतं, यावरून कळतं. परतीची गाडी आधी बघायचा माझा नियम निव्वळ सोयीचा होता. त्यात एवढं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

या म्हणण्यावर दोन आक्षेप मला खरे वाटतात. पहिला, रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर वेळापत्रक कामाचं नाही. तिथे दारातली गाडी जीव वाचवू शकते. वडिलांच्या हट्टामागे वयाची ही भीतीही असेल आणि ती रास्त आहे. दुसरा, वेळापत्रकाला मर्जी नसते हे तेव्हाच खरं, जेव्हा ते पाळलं जातं. गाडी न सांगता रद्द झाली की फाट्यावरचा माणूस पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर येतो. जीपवाल्याच्या, ओळखीच्या मोटारसायकलवाल्याच्या. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत संपामुळे एसटी विस्कळीत होती. ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन होतं त्यांना ती बातमी होती. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना कुणाला तरी विचारावं लागत होतं. एसटी कामगारांच्या मागण्या हा वेगळा विषय आहे. पण आपण काय गमावू शकतो ते त्या महिन्यांत दिसलं.

म्हणून 'एसटीने जायचं की गाडीने' हा मला आता निव्वळ आवडीचा प्रश्न वाटत नाही. ज्यांना परवडतं ते एकेक करून बसमधून उतरत गेले की मागे फक्त नाइलाजाने बसणारे उरतात. नाइलाजाने बसणाऱ्यांची फेरी बंद झाली तर ओरडायला कुणी मोठा आवाज उरत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. सगळ्यांसाठीची सोय उभी राहायला तीस वर्षं लागली. मोडायला एवढी लागणार नाहीत.

माझ्या एका तिकिटाने फेरी टिकते असा माझा दावा नाही. सहलीला गेल्याने मी कुणावर उपकार करत नाही, सौताड्याचा धबधबा मला बघायचाच असतो. एवढंच, की सगळं वेळापत्रक नाइलाजाने येणाऱ्यांवर सोडून द्यायचं नाही. वडिलांसाठी गाडी घ्यावी लागली तर घेईन. ती दवाखान्यासाठी असेल, रात्रीसाठी असेल. पण मावशीकडे जाताना आईने तिच्या किल्लीसाठी थांबू नये. आणि त्यासाठी साडेनऊची गाडी साडेनऊलाच लागली पाहिजे.