जागेवरून हलायचं नाही



आमच्या सांगलीच्या घरात मॅच लागली की बसायच्या जागा ठरलेल्या असायच्या. वडील दिवाणाच्या डाव्या टोकाला, मांडी घालून. काका उंबऱ्यावर, अर्धे आत, अर्धे बाहेर. मी टीव्हीच्या टेबलाशी जमिनीवर, कारण अँटेना हलवायला कुणीतरी हाताशी लागायचं. आपली जोडी एकदा जमली की कुणी जागेवरून हलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तर येऊ देत. तहान लागली तर विकेट पडेपर्यंत थांबायचं. आणि आईची जागा स्वयंपाकघरात. कामासाठी नाही हं, मॅचसाठी.

त्याला कारण १८ एप्रिल १९८६ची संध्याकाळ. शारजाची फायनल, पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या, आणि आई नेमकी तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. चेतन शर्माने चेंडू टाकला आणि जावेद मियाँदादने त्यावर षटकार मारला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांच्या पोटात आजही गोळा येतो. त्या एका चेंडूपायी चेतन शर्माला लोकांनी वर्षानुवर्षं ऐकवलं. आमच्या घरात मात्र गुन्हेगार दोन ठरले. "तू कशाला आलीस मध्येच?" एवढंच वडील म्हणाले. रागानेही नाही, हताशपणे. पण त्या दिवसापासून सामना रंगात आला की आईने बाहेर यायचं नाही, हा घरचा कायदाच झाला.

मॅचच्या या वेडात मला गंमत वाटते ती आपल्या 'आपण' या शब्दाची. मराठीत स्वतःच्या घोळक्यासाठी दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. "आम्ही जेवतोय" आणि "आपण जेवूया" यांत पाहुण्याचं ताट असण्या-नसण्याइतका फरक आहे. आता क्रिकेट जिंकल्यावर लोक काय म्हणतात बघा. "आपण जिंकलो." पानपट्टीवर उभ्या असलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसालासुद्धा आपण हेच सांगतो. त्याच्याशी एरवी बोलायचं तर आधी चार औपचारिक वाक्यं लागतील, पण "स्कोर काय झाला?" हे विचारायला नमस्कारही लागत नाही. हरल्यावर मात्र "आपण हरलो" क्वचितच ऐकू येतं. तेव्हा "हरले लेकाचे!" म्हणजे जिंकताना सगळा गाव संघात, आणि हरताना मैदानावरचे अकराच.

या 'आपण'ची एक जुनी गोष्ट आमच्या घरात सांगतात. १९७१ सालची. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात बांधावरून वाद होता आणि बोलणं बंद होतं. घरं मात्र शेजारी शेजारी, आणि रेडिओ एकाच घरात, तोही चुलतभावाच्या. अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये ओव्हलवर खेळत होता. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१मध्ये गुंडाळलं होतं, आणि आपल्याला जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटचा दिवस २४ ऑगस्ट, तीच नेमकी गणेश चतुर्थी. तिकडच्या भारतीयांनी तर त्या दिवशी ओव्हलच्या मैदानात खरीखुरी हत्तीण आणली होती, बेला नावाची! इकडे दोन्ही घरांत गणपती बसलेला, आरतीची तयारी चाललेली, आणि आजोबांचं लक्ष भिंतीपलीकडे. शेवटी त्यांनी माझ्या वडिलांच्या हातात खिरापतीची वाटी दिली आणि सांगितलं, "दे नेऊन तिकडे. आणि येताना विचार, वाडेकर आहे का अजून." वाटी गेली, उत्तर आलं. वाडेकर धावबाद होऊन परतला होता. (हा गृहस्थ नंतर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपला आणि विजयाची बातमी द्यायला त्याला उठवावं लागलं, पण ते सांगलीला तेव्हा कुठून कळणार!) खिरापतीच्या अशा तीन-चार वाट्या गेल्या-आल्या. आबिद अलीने विजयी फटका मारला तेव्हा पलीकडून चुलतभावाची आरोळी आली, "जिंकलो रे आपण!" ती नेमकी कुणाला उद्देशून होती, हे कुणी विचारलं नाही. बांधाचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. क्रिकेटने तो मिटवला वगैरे म्हणाल तर ते खोटं होईल.

तर, आमच्या घरच्या 'आपण'मध्ये आई होती की नव्हती?

ती होती, पण कानाने. स्वयंपाकघरात तिचा स्वतःचा छोटा रेडिओ असे. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन तिने त्याच्यावर ऐकलेलं, त्यामुळे बाहेरच्या खोलीत आम्ही 'बोल्ड' आणि 'एलबी' म्हणत असू, तेव्हा आत आई 'त्रिफळा' आणि 'पायचीत' म्हणायची. माझी एक मैत्रीण त्रिफळा हे फक्त पोट साफ करणारं चूर्ण समजायची. तिला आईने पोळ्या लाटता लाटता क्रिकेट शिकवलं. रेडिओ नसला तर आई आमच्या ओरड्यावरून सामना ओळखायची. तिचं शास्त्र असं: चौकाराला ओरडा सावकाश चढत जातो, कारण चेंडू दोरीपर्यंत पोचायला वेळ लागतो. षटकाराला तो एकदम फुटतो. आपला गडी बाद झाला की आधी दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही. आणि झेल सुटला की ओरड्याच्या आधी कपाळावर हात मारल्याचा आवाज येतो. एप्रिल १९९८मध्ये सचिनने शारजात दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४ केल्या, त्या दोन्ही खेळी आईने अशाच बघितल्या. पहिल्या दिवशी वाळूच्या वादळाने खेळ थांबला, आम्ही गप्प झालो, तर ती आतून म्हणाली, "पाऊस आला का तिथे?" तो सामना आपण हरलो, पण धावगतीवर फायनलमध्ये गेलो. फायनल सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, २४ तारखेला. त्या रात्री आई शिरा घेऊन बाहेर आली, मात्र सामना संपल्याची खात्री करूनच.

आता वाटतं, हे अंधश्रद्धेचं प्रकरण तितकंसं साधं नव्हतं. शारजात काय होतंय त्यावर सांगलीतून आपला काडीचा इलाज चालत नाही. मग माणूस घरातल्या घरात इलाज शोधतो. हा शर्ट धुवायचा नाही, त्या खुर्चीवरून उठायचं नाही. बसल्या जागी आपणही जरासं खेळतो. वडिलांनी दिवाणाच्या टोकावर मांडी घालून किती सामने जिंकून दिले, ते त्यांचे तेच जाणोत. पण आमच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला जिंकून देण्याचं काम आलं, आणि न येण्याचं काम एकटीच्या. मी मुलगी असून बाहेर बसायचे, अँटेनाच्या पुण्याईने. तेव्हा हे माझ्या मनातही आलं नाही.

आईने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला पहिला मोठा सामना कुठला असेल? सांगते. विश्वचषक विजयावरच्या '८३' नावाच्या सिनेमातला! डिसेंबर २०२१मध्ये तो लागला तेव्हा मी दोघांना घेऊन गेले. अंधारात वडिलांचं समालोचन सुरू. "आता बघ, ९ला ४ जाणार. आता कपिल येणार." झिम्बाब्वेविरुद्धच्या कपिल देवच्या त्या नाबाद १७५चं टीव्हीसाठी चित्रीकरणच झालं नव्हतं. जगाने ती खेळी गप्पांतूनच पाहिली, म्हणजे आईने जशा सगळ्याच खेळी पाहिल्या तशी. कदाचित म्हणूनच तिला त्या खेळीचं वडिलांइतकं अप्रूप वाटलं नाही. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "हा वेंगसरकर म्हणजे महेश कोठारेचा मुलगा ना?" मग थोड्या वेळाने, "आणि संदीप पाटीलचं काम त्याच्या मुलानेच केलंय? बरं झालं, हेअरस्टाइल तरी घरातली." पुढच्या रांगेतले लोक मागे वळून हसले. लॉर्ड्सवर मदनलालच्या चेंडूवर कपिल उलटा पळत रिचर्ड्सचा झेल घ्यायला निघाला, तेव्हा वडिलांनी सवयीने आईकडे पाहिलं. तिथे स्वयंपाकघर नव्हतं. झेल सुटला नाही.

मग आली २ नोव्हेंबर २०२५. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत. आपली स्मृती मानधना खेळणार म्हणून सांगलीत वेगळंच वारं. तसा सांगलीला हा अभिमान जुना आहे, विजय हजारे इथलेच. १९५२मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. पावसाने सामना उशिरा सुरू झाला. त्या रिकाम्या वेळात माझी मुलगी आजीला प्रशिक्षक अमोल मुझुमदारची गोष्ट सांगत होती. १९८८मध्ये आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकावर हाच मुलगा पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही.

"किती वेळ बसला होता पॅड बांधून?" आईने विचारलं.

"दोन दिवस, आजी."

"दोनच?" आई म्हणाली, आणि शेंगा सोलू लागली.

वडील काही बोलले नाहीत. दिवाणाच्या टोकावरून जरासे सरकले मात्र. मुलीने आजीला हाताला धरून तिथे बसवलं.

शफालीच्या ८७, स्मृतीच्या ४५, एकूण २९८. आई सगळं बघत होती, आणि मला वाटतं, जरा अवघडलीही होती. बघायचं कसं याचीच तिला सवय नव्हती. पण मग दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट टिकून खेळायला लागली. शंभर झाल्या तिच्या. वडील अस्वस्थ. आईकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. "जरा तू..." एवढं म्हणाले आणि नातीची नजर बघून थांबले.

आई स्वतःच उठली. मुलगी म्हणाली, "आजी, असलं काही नसतं गं!"

"माहितीय मला," आई म्हणाली. "पण आपण जिंकायला नको का?" आणि आत गेली.

पुढच्या काही मिनिटांतच वोल्वार्टने दीप्तीचा चेंडू उंच उडवला. खाली अमनजोत. चेंडू हातात आला, सुटला, पुन्हा सुटला, आणि तिसऱ्यांदा तिने तो जमिनीच्या वर एका हाताने धरला. आम्ही काय ओरडलो ते आमचं आम्हालाच कळलं नाही.

आतून आवाज आला, "दोनदा सुटून घेतला ना?"

वडील चक्क उठून उभे राहिले. मॅच चालू असताना, जागेवरून. "अगं, ये बाहेर!"

"नको," आई म्हणाली. "अजून तीन जायच्यात."