निकालाच्या दिवशीची मैत्री

सदाशिव पेठ, नवी पेठ या पुण्याच्या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलींची मैत्री बहुधा कॉट बेसिसच्या खोलीत सुरू होते. गावाहून आलेल्या तिघी-चौघी एकत्र राहतात, मेसचा एक डबा दोघींत पुरवतात, पहाटे अभ्यासिकेत एकमेकींची जागा धरतात. सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची म्हण ॲरिस्टॉटलने मैत्रीच्या विवेचनात आणली आहे. ती या डब्याजवळ पुरती पटते.

पण या मैत्रीत एक पेच आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण असल्याने एकाच प्रवर्गातल्या मैत्रिणी त्याच मोजक्या जागांसाठी झटत असतात. जिची उजळणी घ्यायची, तिचाच एखादा जास्तीचा गुण आपली जागा नेऊ शकतो. अशा मैत्रिणीचे भले मनापासून चिंतता येते का?

चित्त प्रसन्न राहावे म्हणून पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चार भावना सांगितल्या: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. त्यांतली करुणा दुःखी माणसासाठी आहे. मैत्री आहे ती सुखी माणसासाठी. संकटात धावून येतो तोच मित्र, असे सर्रास म्हणतात. पतंजलींची अपेक्षा त्याहून अवघड आहे आणि जास्त खरी आहे. नापास झालेल्या मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवणे जमते. यादीत तिचे नाव आहे, आपले नाही, आणि गुलालाने माखलेली ती समोर उभी आहे, तेव्हा कस लागतो. सुखी माणसाविषयी मैत्री बाळगली की ईर्ष्येचा मळ जातो, असे योगसूत्रांच्या परंपरेतले टीकाकार वाचस्पती मिश्र सांगतात. म्हणजे ईर्ष्या येणार हे त्यांनी धरलेलेच आहे. ती आली म्हणून मैत्री खोटी ठरत नाही. चूर्ण रसात पुन्हा पुन्हा खलण्याला आयुर्वेदात ‘भावना देणे’ म्हणतात. मैत्रीही मनात तशीच मुरवावी लागते.

ॲरिस्टॉटलने आणखी एक प्रश्न मांडला: मित्राला सर्वांत मोठे भाग्य लाभावे असे खरेच वाटते का? त्या भाग्याने मित्र फारच वर गेला, तर मैत्रीच उरणार नाही. उपजिल्हाधिकारी झालेली एक आणि तिसऱ्या प्रयत्नाला बसलेली दुसरी, यांच्यात हे अंतर पडतेच. फोन कमी होतात. तरी प्रशिक्षणाला निघालेली एखादी आपल्या वह्या, समासातल्या लाल खुणांसकट, कॉटवर ठेवून जाते आणि मागे राहिलेली त्यांवरूनच पुढच्या पूर्वपरीक्षेची उजळणी सुरू करते.