अपराध एकाचा, शासन दुसऱ्यास

हॉकी असो वा फुटबॉल, नियमभंगाबद्दल महाविद्यालयीन संघास हंगामोत्तर स्पर्धेंतून वगळण्याचा अमेरिकेंतील प्रघात आम्हांस न्यायाच्या दृष्टीनें सदोष वाटतो. 2012 सालीं पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर चार वर्षांची बंदी आली व विद्यापीठास 6 कोटि डॉलर दंड झाला. अपराध एका माजी प्रशिक्षकाचा, तो दडविल्याचा ठपका अधिकाऱ्यांवर. मैदानावरील तरुण त्या काळीं मुळाक्षरें गिरवीत होते! दंड तिजोरींतून भरतां येतो; हुकलेली स्पर्धा कशांतून भरावयाची? प्रेक्षकहि निराश झाले खरे, परंतु त्यांची कींव आम्हांस तितकीशी येत नाहीं. त्यांच्याच जयघोषानें संघ विद्यापीठाहून मोठा झाला होता. खेळाडूंनीं त्या वर्षीं बारांपैकीं आठ सामने जिंकले. 2014 सालीं बंदी मुदतीपूर्वींच उठली. तोंवर त्यांतले अनेकजण पदवी घेऊन गेले होते.