मॅम, सर आणि पासपोर्ट

बेंगळुरूत जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमधल्या शालिनी ग्राउंडवर सकाळी सव्वासहाला फिरायला गेलं की एका कोपऱ्यात नारिंगी कोन्स मांडलेले दिसतात. दहा-बारा मुली, निम्म्यांच्या अंगावर शाळेचाच पीटीचा टी-शर्ट, आणि मधोमध गळ्यात शिट्टी अडकवलेली पंचविशीतली कोच. मध्यंतरी एका मुलीचा पाय मुरगळला. ती मटकन खाली बसली आणि ओरडली, ‘‘सर!’’ कोच बर्फाची पिशवी घेऊन धावत गेली. आसपास एकही पुरुष नव्हता.

नंतर मी तिला याबद्दल विचारलं तेव्हा ती हसली. ‘‘सवय की ओ मावशी. आजवर सगळे सरच बघितलेत त्यांनी. राहू दे म्हणतो मी.’’ ती बेळगावची. तिकडच्या बायका ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात, त्यात वेगळं काही नाही. पण त्या सकाळी ते ‘म्हणतो’ माझ्या कानात जरा जास्तच रेंगाळलं.

तिच्याकडे कोचिंगचं डी लायसन्स आहे, आता सी करायचंय. एका शाळेत कंत्राटावर नोकरी आहे, पगार दहा महिन्यांचा, एप्रिल-मे कोरडे. अलीकडे आखातातल्या एका अकादमीकडून विचारणा आली, तेव्हा आई म्हणाली, ‘‘परदेशी? शिट्टी वाजवायला?’’ आमच्या जयनगरात घराआड एक मुलगा किंवा सून परदेशी आहे. ‘कुठे असते?’ विचारलं की न्यू जर्सी किंवा म्युनिक असं उत्तर येतं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण सॉफ्टवेअर गृहीतच असतं. बाई फुटबॉल शिकवायला देश सोडते, हे त्या यादीत कुठेच बसत नाही.

वास्तविक बाईने फुटबॉल शिकवायचा तर तिला बहुधा देश सोडावाच लागला आहे.

स्वीडनच्या पिया सुंदहागेचं बघा. १९६० चा जन्म, छोट्या गावातली मुलगी. मुलींचा संघ नाही म्हणून मुलांत खेळायची, आणि कुणी हरकत घेऊ नये म्हणून तिचं नाव ‘पेल्ले’ ठेवलं गेलं. आमच्या मैदानावर बाईला ‘सर’ म्हणतात, तिथे मुलीला मुलाचं नाव घ्यावं लागलं. १९८४ साली युरोपातल्या बायकांच्या पहिल्याच अधिकृत स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध निर्णायक पेनल्टी याच ‘पेल्ले’ने मारली. पुढे ती अमेरिकेच्या संघाची कोच झाली. पहिल्याच बैठकीत फळ्यावर बाण काढण्याऐवजी तिने गिटार काढून बॉब डिलनचं गाणं म्हटलं. खेळाडूंना आधी ते विचित्रच वाटलं असणार. २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच संघाने जिंकली. त्यानंतर ती मायदेशी, मग ब्राझील, मग स्वित्झर्लंड. ब्राझीलमध्ये २०२३ चा विश्वचषक गटातच संपला आणि नोकरीही संपली. परदेशी कोचचा हिशेब असा रोखीचा असतो.

फुटबॉल शिकवणाऱ्या बायका अमेरिकेलाच का जातात? याचं उत्तर फुटबॉलमध्ये नाही, कायद्यात आहे. १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, खेळातसुद्धा. मग कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या आणि शिकवायला पगारी माणसं ठेवावी लागली. त्याआधी इंग्लंडमध्ये काय होतं? १९२१ साली तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली आणि ती उठवायला जवळपास पन्नास वर्षं लावली. जिल एलिस पंधराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इंग्लंडहून अमेरिकेत आली आणि रीतसर संघात पहिल्यांदा तिथेच खेळली. वडील स्वतः फुटबॉलचे कोच, तरी! याच एलिसने २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक अमेरिकेला मिळवून दिले. लंडनची एमा हेझही कोचिंगची उमेदवारी करायला तिथेच गेली, परतून चेल्सीला सात लीग जिंकून दिल्या, आणि २०२४ च्या मे अखेरीस अमेरिकेच्या संघाची सूत्रं घेऊन ऑगस्टमध्ये पॅरिसला सुवर्णपदक.

डच सारिना विगमनही १९८९ साली वर्षभर नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात खेळून आली. मायदेशी परतल्यावर तिला काय मिळालं? हेगमधल्या शाळेत पीटीच्या बाईंची नोकरी. मला तिच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच वाटते. पदकांची यादी नंतरची. पीटीची नोकरी पक्की, पगार बारा महिने, म्हणून संध्याकाळी क्लबला शिकवणं परवडलं. तिथून २०१७ ला नेदरलँड्सला युरो, मग इंग्लंडची नोकरी, २०२२ ला पुन्हा युरो आणि २०२५ च्या जुलैत बासेलमध्ये स्पेनला पेनल्टीत हरवून तिसरा. त्या स्पर्धेत इंग्लंड पहिलाच सामना फ्रान्सशी हरलं होतं, उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध दोन गोलांनी मागे होतं. बाई बाकावर वही घेऊन शांत. नंतर लंडनच्या मिरवणुकीत मात्र गायक बर्ना बॉयबरोबर मंचावर नाचल्या, आणि बऱ्यापैकी नाचल्या.

इथे एक हिशेब सांगते. १९९७ पासून बायकांच्या युरो स्पर्धा आठ झाल्या. आठही वेळा जिंकणाऱ्या संघाची कोच बाई होती: जर्मनीच्या टिना थ्यूने आणि सिल्व्हिया नाइड, आणि या विगमन. तरी २०२३ च्या विश्वचषकात बत्तीस संघांपैकी फक्त बारा संघांच्या कोच बायका होत्या. ‘बायकांना जमत नाही’ हा मुद्दा निकालात निघालेला आहे. जमतं, पण बोलावत नाहीत.

आणि टायटल नाइनची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्या कायद्याची आरती ओवाळतेय असं वाटेल. १९७२ साली अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. कायद्याने पैसा आणला, पगार वाढले, आणि हे प्रमाण घसरत निम्म्याच्या खाली गेलं. ज्या कामाला पैसे नव्हते ते बायकांचं. पैसे आले की ते ‘सरां’चं. आपल्याकडे घरोघरचा स्वयंपाक कुणाचा आणि लग्नाचा आचारी कोण, हे आठवलं की दूर जायला नको.

आपला प्रवास उलट्या दिशेने चालतो. आपण कोच आणतो. थॉमस डेनरबी स्वीडनचे, पूर्वी पोलिसात होते, २०११ च्या विश्वचषकात स्वीडनला तिसरं स्थान मिळवून दिलेले; २०१९ मध्ये आपल्या सतरा वर्षांखालील मुलींसाठी आले. माणूस जाणता होता, त्याबद्दल वाद नाही. पण २०२२ चा विश्वचषक आपल्याच देशात झाला तेव्हा आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. बाहेरचा कोच दोन-तीन वर्षांत डावपेच शिकवू शकतो. वयाच्या आठव्या वर्षापासून दर आठवड्याला खेळायला मिळणारे सामने त्याच्या बॅगेत मावत नाहीत.

मग आपल्या बायका? गोव्याच्या मेमोल रॉकी यांनी २०१७ ते २०२१ भारताचा मुख्य संघ सांभाळला, २०१९ मध्ये बिराटनगरला यजमान नेपाळला ३-१ हरवून दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) ए लायसन्सपर्यंत पोचल्या, राष्ट्रीय फेडरेशनमध्ये तळागाळातल्या फुटबॉलचं काम पाहिलं, मग गोव्यात धेंपो क्लबकडे गेल्या. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला पेठा रिकाम्या होतात. पण तालमीचा फुटबॉल पुरुषांचा. अंजूंसारख्या त्याच जिल्ह्यातल्या मुलीला दिल्ली आणि गोवा गाठावं लागणं हेही एक परदेशगमनच. बेंगळुरूतसुद्धा २०२० च्या फेब्रुवारीत इंडियन विमेन्स लीगचा अंतिम सामना झाला, गोकुळम केरळाने क्रिफ्सा संघाला ३-२ हरवलं, आणि बाकावर कोच म्हणून प्रिया पी. व्ही. ही बाई होती. शहरातल्या किती जणांना ते कळलं, देव जाणे. त्या दिवशी व्हॅलेंटाइन डे होता.

बेळगावच्या त्या मुलीने आखातात जावं की नाही? मला पुष्कळांनी ‘इथेच राहून देशासाठी काही करावं’ असं सुनावलं. सुनावणाऱ्यांची मुलं टेक्ससला. मी तिला जा म्हटलं. तिथे बारा महिने पगार मिळेल, लायसन्सची फी भरता येईल, आणि रोज तीन तुकड्या शिकवून हात बसेल. विगमनला शाळेने जे दिलं ते हिला परदेश देईल, इतकंच. ती परत येईल का, हे तिच्यावर कमी आणि आपल्यावर जास्त अवलंबून आहे.

२०२५ च्या ५ जुलैला चियांग माईमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. त्यामुळे मार्च २०२६ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकापर्यंत भारत पात्रता फेरी खेळून प्रथमच पोचला. तेव्हा मुख्य कोच होते क्रिस्पिन छेत्री, सोबत प्रिया पी. व्ही. आता मुलीच्या किंवा नातीच्या शाळेत पालकसभा असेलच. तिथे उठून एवढंच विचारा, की मुलींना फुटबॉल कोण शिकवतं, आणि मे महिन्यात तिचा पगार होतो का?