भीतीच्या छटा

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात रहस्यमय कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असे पुष्कळजण विचारतात. माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. त्यानंतर रंग-पेन्सिलींचे काय ते शिकलो. तेव्हा साहित्यशास्त्राच्या मोठ्या गोष्टी मी बोलू नयेत हे खरे. पण पेन्सिलीविषयी बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, आणि आज मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात पेन्सिलीपासूनच होते.

पेन्सिलींचे क्रमांक असतात. एच्.बी. फिकट, टू बी जरा गडद, फोर बी त्याहून, आणि सिक्स बी म्हणजे काळाकुट्ट. सिक्स बी पहिल्यांदा हातात आली की पोरांना दुसरे काही सुचत नाही. माठ काढायला सांगावा, तर सगळा माठ काळा, त्याची सावली काळी आणि मागची भिंतही काळी! मग चित्र मजकडे आणून विचारतात, “सर, माठ गोल का दिसत नाही?” मी सांगतो, “अरे, तू कागद पांढरा ठेवलाच नाहीस कुठे. उजेड नाही तिथे सावली कसली?”

हीच चूक मी माझ्या पहिल्या कादंबरीत केली होती. पहिल्या पानावर खून, तिसऱ्यावर दुसरा, आणि पाचव्या पानापासून सतत वादळ. एका मित्राने हस्तलिखित वाचून परत दिले आणि म्हणाला, “छान झोप लागली.” तेव्हा राग आला, आज वाटते, त्याने मला फुकटात धडा दिला.

रहस्यकथेलाही पेन्सिलीसारखे क्रमांक असतात, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. आपल्याकडे हा विचार नवा नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत. ओठांच्या कडेला उमटणारे हसू वेगळे आणि डोळ्यांतून पाणी काढणारे वेगळे. हसण्याला सहा पायऱ्या असतील, तर धाकधुकीला चार तरी असायला हरकत कोणती?

पहिली पायरी कुतूहलाची. पेटी आहे, तिला कुलूप आहे, आत काय आहे ते ठाऊक नाही. इथे डोके काम करते, काळीज स्वस्थ असते. दुसरी पायरी हुरहुरीची. पेटी आता एका मुलीच्या हातात आहे, आणि ती मुलगी आपल्याला आवडू लागली आहे. तिसरी धास्तीची. पेटीत नाग आहे हे आपल्याला कळले आहे. तिला मात्र कळलेले नाही, आणि ती कुलूप उघडते आहे! चौथी पायरी दहशतीची. इथे पेटी नाही, मुलगी नाही, गोष्टही नाही. आपल्याच उशाखाली काहीतरी सळसळते आहे.

ह्या उतरंडीत एक गंमत आहे. रहस्यकथा म्हणजे माहिती लपवणे, असा सर्वसाधारण समज असतो. पण कुतूहलाकडून धास्तीकडे जाताना लेखक माहिती लपवत नाही, उलट देतो. चित्रपटकार आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनी 1962 साली त्रुफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत हेच एका उदाहरणाने सांगितले होते. काहीजण टेबलाभोवती गप्पा मारीत बसले आहेत आणि एकाएकी खाली बाँब उडाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बाँब आहे हे त्याला आधी दाखवले, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो.

हे समजायला हिचकॉकपर्यंत जायलाही नको. दिवाळीत अंगणात मुले किल्ले करतात. आमच्या सातारा जिल्ह्यात त्यांतले निम्मे प्रतापगड असतात. 10 नोव्हेंबर 1659 रोजी त्या गडाच्या पायथ्याशी काय झाले, हे किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. तरी वर्गात मी ती भेट सांगू लागलो आणि खान मिठी मारायला पुढे झाला, की पन्नास पोरांचा श्वास थांबतो. अज्ञानदासाने ह्या प्रसंगावर पोवाडा रचला त्याला साडेतीन शतके होऊन गेली. शेवट माहीत असल्यामुळे ह्या साडेतीनशे वर्षांत कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही!

शेवट माहीत असण्याची ही किमया मला प्रथम कळली ती माझ्या आजीकडून. आजी निरक्षर होती. मी दहा-बारा वर्षांचा असताना पाटणात कुणाकुणाकडून बाबुराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथा मिळवून आणी आणि रात्री कंदिलाशी, वीज असली तर दिव्याखाली, तिला वाचून दाखवी. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या ह्या माणसाला मोठ्या साहित्यिकांच्या पंगतीत पाट मिळाला नाही. पण त्यांच्या झुंझारने आणि काळ्या पहाडाने किती गिरणीकामगारांना, किती शाळकरी पोरांना वाचनाची गोडी लावली, ह्याचा हिशेब कोण करणार? मी पुस्तक उघडले की आजीची एक अट असे. “त्यो पोरगा जगतुया का न्हाई, येवढं आदी सांग. मग वाच.”

मला भारी राग येई. मी म्हणे, “आजी, मग गंमत काय राहिली?” ती म्हणे, “गमतीचं मी बगती. तू सांग.” मी नाइलाजाने शेवटचे पान बघून सांगे. आणि मग आजी गुडघ्याला मिठी मारून अशी ऐकत बसे, की मधेच मी पाणी प्यायला उठलो तर ओरडे. पोरगा वाचणार हे ठाऊक असून तिचे डोळे विस्फारलेले!

तिची ती अट कुठून आली होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी ऐन पस्तिशीत होती. 1962 साली धरणात पाणी साठू लागल्यापासून आमच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून घुमत असे. मांडणीवरची भांडी वाजत, बायका म्हणत “आली वाटतं,” आणि पुन्हा भाकरी थापू लागत. सप्टेंबर 1967 मध्ये एक मोठा हादरा बसला, तोही लोकांनी पचवला. आणि मग ती सोमवारची पहाट आली. कोयनानगर जमीनदोस्त झाले. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांची चर्चा निघाली की आजही जगभर पहिल्यांदा कोयनेचे नाव घेतात.

आजी ही हकीकत आम्हां नातवंडांना दर डिसेंबरात सांगे. तिची सुरुवात ठरलेली होती. “आमी समदी वाचलो. तुजा बा माज्या कडंला हुता.” एवढे झाल्यावर मग ती भिंत कशी हलली, कौले कशी सुपातल्या धान्यासारखी उडाली, गोठ्यातली म्हैस कशी हंबरली, हे सगळे अंगावर काटा येईल असे सांगे. तिने भीती एका गुंजेनेही कमी केली नाही. पण भीतीच्या आधी तिने आमच्या हातात शेवटचे पान दिलेले असे.

एकच भाग ती सांगत नसे. तिचा भाऊ त्या वेळी कोयनानगरला कामाला होता, आणि तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी तो धुळीने माखलेला, चालत आला. पुढे चांगला म्हातारा होऊन वारला. शेवट गोडच झाला. तरी मी विचारले, “ते तीन दिवस कसे गेले गं?” की ती म्हणे, “ते सांगण्यासारकं न्हाई,” आणि उठून चुलीकडे जाई. माझ्या चौथ्या पायरीवर ती तीन दिवस उभी होती. दहशतीची गोष्ट होत नाही. शेवट कळल्यावरसुद्धा होत नाही. रहस्यकथेत तिला काय मिळत होते, ते मला आता कळते. तिथे धाकधूक खरी होती, पण पुस्तक मिटून ठेवता येत होते.

इथवर मी लेखक म्हणून बोललो. आता शिक्षक म्हणून बोलतो, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे.

दोन-तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. एक शिक्षक रजेवर होते आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. बाहेर आमच्याकडचा पाऊस. खिडकीतून समोरची शाळेची भिंतसुद्धा दिसत नव्हती. मुले म्हणाली, “सर, गोष्ट.” मी तिथल्या तिथे एक रचली. डोंगराच्या पोटाशी एकटे घर आहे. रात्र आहे. घरातली मुलगी जागी आहे आणि मागच्या डोंगरातून तिला आवाज येतो. पहिल्यांदा बारीक, मग जरा मोठा. ती उठते, दाराला कान लावते... आणि घंटा झाली. खरे सांगायचे तर घंटा होणार हे हिशेबात धरूनच मी तिथे येऊन थांबलो होतो. वर्गाने “आऽऽ” केले. मला मोठी फुशारकी वाटली. शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी दोन कप चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या वाडीतला एक मुलगा म्हणाला, “सर, ती रात्री झोपत नाही. मागच्या दाराशी बसते.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 22 जुलै 2021 च्या रात्री आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ह्या गावांवर डोंगर खाली आला होता. तिची वाडी ह्या गावांपैकी नव्हती. पण त्याच रात्री तिच्या घरच्यांनी पोरांना उचलून अंधारात दुसरीकडे नेले होते. डोंगरातला आवाज ही माझ्यासाठी कल्पना होती. तिच्यासाठी ती आठवण होती.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आईने ओट्यावर घोंगडे टाकले, चहा ठेवला. एका शब्दाने ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मुलगी दाराआड उभी होती. मी तिला म्हणालो, “बाळ, तो आवाज रानडुकराचा होता. ते कणगा खायला आलं होतं. मुलीनं थाळी वाजवली आणि ते पळालं. सगळे सुखरूप आहेत.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सगळे?” मी म्हणालो, “सगळे. कोंबड्यासुद्धा.”

घरी येताना पावसात मी विचार करीत होतो, माझे चुकले ते नेमके कुठे? गोष्ट फार भयंकर होती असे नव्हे. त्याहून दसपट भयंकर गोष्टी मी छापल्या आहेत. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून रात्री अंगणात जायला घाबरलेले माझ्यासारखे हजारोजण असतील, आणि त्यांतल्या कुणाचीही त्या लेखकांबद्दल तक्रार नाही. कारण पुस्तक वाचकाच्या हातात असते. भीती वाढली की त्याने पान मिटावे, दिवा लावावा, आईला हाक मारावी. वर्गात मात्र पुस्तक माझ्या हातात होते. बाकावरून उठून जाण्याची सोय तिला नव्हती, आणि शेवटचे पान मी खिशात घालून चहा प्यायला गेलो होतो. अरबी कथांतल्या शहाजादीनेही रोज गोष्ट अर्धी ठेवली. पण तिथे सापळ्यात होती ती सांगणारी, ऐकणारा राजा मोकळा होता. मी उलटा प्रकार केला.

म्हणून, मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. भीतीची पेन्सिल कोणत्या क्रमांकाची घ्यावी हे गोष्टीवरून ठरवू नये. ऐकणाऱ्याला बाहेर पडायची वाट किती रुंद आहे, ह्यावरून ठरवावे. मोठा माणूस आपण होऊन पुस्तक विकत घेतो, त्याला खुशाल सिक्स बी द्यावी. ज्याला उठून जाता येत नाही, मग ते लहान मूल असो की आजारी माणूस असो, त्याच्या कागदावर थोडा पांढरा भाग आपण होऊन राखावा.

ह्यावर कोणी म्हणेल, मग मुलांना नुसत्या परीराणीच्या गोष्टी सांगायच्या काय? मुळीच नाही. ज्या मुलांना घुमणाऱ्या जमिनीवर आणि सरकणाऱ्या डोंगराखाली आयुष्य काढायचे आहे, त्यांच्यापासून भीती लपवणे ही फसवणूक होईल. आजीने आमच्यापासून ती कधीच लपवली नाही. फक्त आधी सांगितले, “आमी समदी वाचलो.” ज्या गोष्टीत सगळी वाचली नाहीत, ती कशी सुरू करावी, हे मात्र मला अजून नीटसे कळलेले नाही. तिथे “मी इथंच तुझ्याजवळ बसलोय” एवढे तरी म्हणता येईल, असे वाटते.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मला वाटले, वर्गाला शेवट सांगून टाकावा आणि मोकळे व्हावे. मी खडू हातात घेतला, तेवढ्यात ती टेबलाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“सर, डुकराचं इतक्यात सांगू नका. त्यांना अजून थोडं घाबरू दे की!”